चाप सरायच्या आत

दुपारचा एक वाजतो आहे, वार रविवार. अमरावतीच्या राजकमल चौकापासून आत वळलेल्या गल्लीत सावजीच्या खानावळीच्या पायऱ्यांवर माणसं ताटकळली आहेत. पाटीचा रंग कधीच उडालाय. तिची गरजही नाही; भाजलेली खसखस, दगडफूल आणि सुंठ यांचा वास वळणावरच गाठतो.

आत लाकडी बाकं, स्टीलची ताटं. मटण, खूर, कलेजी, खिमा. सोबत आलेल्या माळकऱ्यासाठी पाटोडीचा रस्सा. ही चव मूळची नागपूरच्या हलबा कोष्ट्यांची. हातमाग बसत गेले तशी कितीतरी विणकरांची घरं चुलीवर चालू लागली. जुने लोक जवसाच्या तेलाची आठवण काढतात. इथं कोपऱ्यात पिंप मात्र सोयाबीनचं आहे.

अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरून थेट इथंच आलेले एक काका गंजापाशी उभे राहतात.

“सावजी, मले बोटी नोको. चाप पाह्यजे.”

“बसा ना जी काका. हे लोकं तुमच्या पह्यले आले हायेत.”

सावजीची पळी तळाशी जाते, हाडांमधून चाचपत फिरते आणि दोन बरगड्या घेऊन वर येते. वर येताना तर्री बाजूला सारते, मग शेवटी त्याच तर्रीची एक धार ताटात सोडते. खालचा रस्सा जवळजवळ काळा.

अमेरिकेत बेव्हर्ली हिल्सला ‘लॉरीज’ हे हॉटेल 1938 पासून बरगडीच्या गोमांसावरच नाव राखून आहे. तिथं भाजलेला अख्खा तुकडा चकचकीत गाडीवरून टेबलापाशी येतो आणि गिऱ्हाइकासमोर कापला जातो. इथं गिऱ्हाईकच गंजापाशी जातं, आणि वर बोलणी खातं. मला हेच बरं वाटतं.

पहिल्या घासाला तिखट जाणवतच नाही. तिसऱ्याला कानामागून घाम उतरतो. काका पोळी बाजूला सारून भाकर मागतात, रश्शात कुस्करतात, लिंबू पिळतात. चापेचं हाड दातानं सोलून झाल्यावरच मान वर करतात.

“तिखट कमी झालं जी सावजी तुमचं.”

“तुमचं वय वाढलं काका, तरी तिखट कमीच लागून राह्यलं?”

बाकावरचे सगळे हसतात. तेवढ्यात गंजाशी वाकलेला पोरगा ओरडतो, “चाप सरली!”

पायरीवर कुरकुर सुरू होते. “मंग खूर घ्या ना,” सावजी पळी न थांबवता म्हणतो. दोघं आत येऊन बसतात. तिसरा मोटारसायकलला किक मारून निघून जातो.