घेणारा कोण, देणारा कोण?

दिंडोरी तालुक्यात वणीच्या परिसरातल्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी जवळ आली, की औषधे, खते आणि मजुरी यांसाठी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. कोणी सोयऱ्याकडून हातउसने आणतो, कोणी बँकेची पायरी चढतो. बँकेच्या इंग्रजी कागदावर दोन शब्द हमखास भेटतात : 'लेंडर' आणि 'बॉरोअर'. 'लेंड' आणि 'बॉरो' या क्रियापदांपासून ते बनले आहेत. ही क्रियापदे अर्थाने एकमेकांच्या अगदी उलट आणि मराठी माणसाची नेमकी इथेच गल्लत होते.

याचे कारण आपल्या भाषेत आहे. आपला 'उसने' हा शब्द एकच. उसने दिले की उसने घेतले, हे पुढचे क्रियापद सांगते. इंग्रजीत ती दिशा शब्दातच आहे. 'लेंड' म्हणजे उसने देणे, 'बॉरो' म्हणजे उसने घेणे. त्यामुळे 'बॉरो मी युअर पेन' हे वाक्य चुकीचे ठरते. 'लेंड मी युअर पेन' म्हणावे किंवा 'मे आय बॉरो युअर पेन?' असे विचारावे.

आता व्याकरण पाहू. 'लेंड'ला दोन कर्मे चालतात, कोणाला आणि काय : 'शी लेंट मी अ बुक'. हेच 'शी लेंट अ बुक टू मी' असेही म्हणता येते. 'बॉरो'ला कर्म एकच आणि कोणाकडून ते सांगायला 'फ्रॉम' लागतो : 'आय बॉरोड अ बुक फ्रॉम हर'. सोपी खूण अशी : मराठीत 'ला' आला तर 'लेंड टू', 'कडून' आला तर 'बॉरो फ्रॉम'. भूतकाळी रूप 'लेंट', 'लेंडेड' नव्हे. 'बॉरो'चे मात्र सरळ 'बॉरोड'.

किराणा दुकानातली उधारी यात बसत नाही. तिथे आपण माल विकत घेतो, पैसे मागाहून देतो. ते 'ऑन क्रेडिट'. शेजारची वाटीभर साखर मात्र 'बॉरो'च, जरी परत करताना साखर दुसरी असली तरी. वजाबाकीत आपण 'हातचा' घेतो, त्यालाही इंग्रजीत 'बॉरो' म्हणतात. आणि हातभार लावणे म्हणजे 'लेंड अ हँड'. तिथे परतफेडीचा प्रश्नच नाही!

सावकारालाही इंग्रजीत 'मनीलेंडर' म्हणतात. सावकारीवर नियंत्रण ठेवणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'मनी-लेंडिंग' हाच शब्द आहे. या जोडीला मराठीत नेमके शब्द आहेत : 'लेंडर' म्हणजे धनको, 'बॉरोअर' म्हणजे ऋणको.

कागदावर सही करताना हा फरक फार महत्त्वाचा. 'को-बॉरोअर' या शब्दाखाली सही करणारा साक्षीदार नसतो, तो स्वतःच कर्जदार होतो. 'गॅरंटर' म्हणजे जामीनदार. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल, तर त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पाहुण्याच्या भिडेखातर पेन हाती घेण्यापूर्वी आपल्या नावावर कोणता शब्द छापला आहे, तेवढे आधी वाचावे. समजला नाही, तर अर्थ विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही.