इंग्लंडांतील पब व त्यांचें दप्तर

इंग्लंडांतील एखाद्या खेड्याच्या जुन्या कागदांचा रुमाल सोडला, तर चर्चच्या खालोखाल ज्या घराचें नांव त्यांत वारंवार येतें तें तेथील पबचें होय. हें घर म्हणजे केवळ बिअर पिण्याची जागा, अशा समजुतीनें कागद चाळणारास निम्मा मजकूर दुर्बोध वाटेल. आपल्याकडील चावडी, धर्मशाळा व गुत्ता एका छपराखालीं आणल्यास त्याची कांहींशी कल्पना येईल. या घरांच्या र्‍हासाचें कारण आज बहुधा कर व भाडें यांत शोधण्यांत येतें. आमच्या मतें त्याचा आरंभ पुष्कळ पूर्वीं, गांवचीं कामें तेथून निघून गेलीं तेव्हांच झाला.

प्रथम दप्तराविषयीं. इ. स. १५५२ च्या कायद्यानें बिअरविक्रीस दोन न्यायाधीशांचा परवाना आवश्यक झाला व दुकानदारास सद्वर्तनाचा जामीनकतबा लिहून द्यावा लागे. १७५३ पासून या कतब्यांची नोंदवही ठेवणें सक्तीचें झालें. १८२८ नंतर ती सक्ती उरली नाहीं. या पाऊणशें वर्षांच्या वह्या जेथें शिल्लक आहेत तेथें दुकानदारांची परंपरा लावतां येते. घराच्या पाटीवरील नांव मात्र त्यांत नेहमींच सांपडतें असें नाहीं. १८३० सालीं दोन गिनी भरून कोणाही करदात्यास बिअर विकण्याची मोकळीक मिळाली, आणि हीं नवीं घरें १८६९ पर्यंत न्यायाधीशांच्या ताब्याबाहेर राहिलीं. परवान्याचा कागद नाहीं म्हणून घरही नव्हतें, असें अनुमान काढण्याचा मोह येथें आवरावा.

परंतु परवान्याचे कागद हा या घराचा अर्धाच इतिहास. अपमृत्यूची कोरोनरची चौकशी पुष्कळदां येथेंच होई. मजुरांच्या परस्पर-साहाय्यक मंडळ्या दरमहा येथें जमत. वर्गणीची पेटी, बहुधा तीन कुलपांची, येथेंच असे. आजारी सभासदास तींतून आठवड्याचें साहाय्य मिळे, मृतास मूठमाती. १९०२ च्या कायद्यानें, दुसरी योग्य जागा असल्यास, चौकशी पबमध्यें घेण्यास बंदी केली. १९११ च्या विमा कायद्यानें मंडळ्यांस प्रथम हाताशीं धरलें खरें, पण १९४८ पासून तें काम सरकारनें स्वतःकडे घेतलें. पेटी गेली; मागें उरला तो पेला.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९८९ च्या आदेशानें दोन हजारांहून अधिक पब बाळगणार्‍या कारखानदारांस जादा घरांपैकीं निम्मीं मोकळीं करणें भाग पडलें, आणि पुष्कळ घरें नव्या मालमत्ता-कंपन्यांकडे गेलीं. २००७ सालीं इंग्लंडांत बंदिस्त जागेंत धूम्रपानास मनाई झाली. सरकारी आंकडेखात्याप्रमाणें ब्रिटनमधील पब २००८ मध्यें सुमारें ५०,००० होते, ते २०१८ मध्यें सुमारें ३९,००० उरले.

घर बंद पडलें तरी परवान्याचें दप्तर सरकारी संग्रहांत राहतें. मंडळीच्या वह्या, नियमपत्रकें व भिंतीवरील फलक मात्र रद्दींत जातात. संग्राहकांनीं लक्ष घालावें तें येथें. लंडनांतील कार्लटन टॅव्हर्न ही वास्तु एप्रिल १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, एप्रिल २०१५ मध्यें मालकानें परवानगीवांचून पाडली. ती संरक्षित यादींत घालण्याचा विचार चालला असल्यामुळें तिच्या तपशीलवार नोंदी आधींच झालेल्या होत्या. त्या नोंदींच्या आधारें ती पूर्ववत् बांधण्याचा हुकूम मालकास झाला, आणि एप्रिल २०२१ मध्यें तिचे दरवाजे पुन्हां उघडले.