रिपोर्ट नॉर्मल, माणूस मात्र थकलेला

पांढुर्णा-सौसरकडच्या बऱ्याच घरांत कपाटात जमिनीच्या कागदांशेजारी आता आणखी एक जाड फाइल असते. रक्ताच्या रिपोर्टांची. २०२० किंवा २०२१ मध्ये कोरोना होऊन गेला, त्यानंतर सुरू झालेला थकवा काही गेला नाही, आणि दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी सुचवते म्हणून पुन्हा रक्त दिले जाते. नागपूर, पुणे, बंगळूर किंवा त्याही पलीकडे स्थायिक झालेली मुले-सुना सणाला गावी आली की ही फाइल त्यांच्यापुढे ठेवली जाते. "तू पाय बरं जरा, तुले समजते." हा लेख त्या फाइलसमोर बसणाऱ्या तुमच्या पिढीसाठी आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. लाँग कोविड आहे की नाही हे ठरवणारी रक्ताची एकही तपासणी आज उपलब्ध नाही. अमेरिकेत 'रिकव्हर' नावाचा मोठा सरकारी अभ्यास चालू आहे. त्यात दहा हजारांहून अधिक लोकांच्या नेहमीच्या २५ तपासण्या ताडून पाहिल्या गेल्या: हिमोग्लोबिन, साखर, किडनी, लिव्हर वगैरे. ऑगस्ट २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लाँग कोविड असलेले आणि नसलेले लोक वेगळे ओळखता येतील असे भरवशाचे काहीही त्या तपासण्यांत सापडले नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ "तुम्हाला काही झालेले नाही" असा होत नाही. आपल्याकडे नेमका तोच अर्थ लावला जातो आणि पुढचे सगळे बिघडते.

या आजाराला नावही डॉक्टरांनी दिलेले नाही. लंडनमधल्या एका विद्यापीठाशी जोडलेल्या एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व अभ्यासिकेने मे २०२० मध्ये स्वतःच्या लांबलेल्या दुखण्याबद्दल लिहिताना 'लाँग कोविड' हे दोन शब्द वापरले आणि जगभरच्या रुग्णांनी ते उचलले. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या त्यानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. कोरोना झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी जाणवणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने समजावून सांगता न येणारी लक्षणे, असे ती म्हणते. व्याख्येत रक्ताच्या आकड्याला जागा नाही. जागा आहे ती माणसाने सांगितलेल्या हकिकतीला.

त्या व्याख्येतला आणखी एक शब्द आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. संसर्ग सिद्ध झालेलाच हवा असे नाही, 'संभाव्य' असला तरी चालतो. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी असलेली बससेवा थांबवली, ते दिवस आठवा. ज्यांचे दवाखाने, सोयरे आणि बाजार सगळे नागपूरकडे, त्यांचा रस्ताच आखडला. घरात चार जणांना ताप, एकाचीच तपासणी, बाकीच्यांनी काढा आणि गोळ्यांवर काढले, असे तेव्हा कितीतरी ठिकाणी झाले. त्या बाकीच्या तिघांपैकी कुणी आज थकलेला असेल, तर "पॉझिटिव्ह रिपोर्ट कुठे आहे?" असे विचारून त्याला वाटेला लावू नये.

मग रक्त द्यायचेच कशाला? कारण व्याख्येतली ती अट: दुसऱ्या कुठल्या आजाराने समजावता न येणारी. तपासण्या लाँग कोविड शोधायला नसतात. त्याच्या आड लपलेला, औषधाने बरा होणारा दुसरा आजार पकडायला असतात. इथे आपला भाग कोणता हे फार महत्त्वाचे ठरते.

सातपुड्याच्या या पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेल आढळतो. थकवा, अंगदुखी, सांधेदुखी ही त्याचीही लक्षणे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, आणि त्यात ० ते ४० वयाच्या लोकांची तपासणी होते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याचे एक वेगळेही कारण आहे. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी सिकलसेलच्या रुग्णात फसवते. तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा असतो त्याहून कमी दिसू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बघावी लागते. कोरोनाच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्यांची साखर वाढल्याची उदाहरणे थोडी नाहीत, म्हणून ही तपासणी नीट झालेली बरी.

बी-१२ ची गोष्ट अशीच. शाकाहारी घरांत त्याची कमतरता नेहमीची. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा, सगळे लाँग कोविडसारखेच. पण आधी महिनाभर ताकदीच्या गोळ्या घेऊन मग रक्त दिले, तर आकडा छान येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. केसांसाठी म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या थायरॉइडचा रिपोर्ट चुकवू शकतात. म्हणून आधी रक्त, मग गोळ्या. आधीच काही सुरू असेल तर ते लपवू नका, लॅबमध्ये सांगा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे असेल तर "कोरोनानंतरची कमजोरी" म्हणून थांबू नये. टीबीची थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ज्यांनी बरेच दिवस स्टिरॉइड घेतले त्यांच्यात सकाळची कॉर्टिसॉल तपासणी लागते की काय, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

सीबीसी, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, किडनी-लिव्हर, लघवी आणि एक ईसीजी. बहुतेकांचे काम एवढ्यात भागते. सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये लाल रंगात छापलेले दोन-तीन आकडे निघणारच, निरोगी माणसातही निघतात, आणि मग त्या आकड्यांमागे आणखी पैसे जातात. कोरोनाच्या अँटिबॉडी तर आता जवळपास सगळ्यांच्याच रक्तात असतात. त्या मोजून काय कळणार? डी-डायमर २०२१ मध्ये घरोघरी पाठ झाला होता, पण केवळ थकवा म्हणून तो पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. मात्र छातीत दुखणे, बसल्या जागी दम लागणे, एकाच पायाला सूज किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली, यांपैकी काही असेल तर फाइल बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

एक उपयोगी तपासणी मात्र घरीच, फुकट होते. त्या वर्षी धावपळ करून आणलेले ऑक्सिमीटर सेल संपून ड्रॉवरमध्ये पडले असतील, त्यात नवे सेल घाला. रुग्णाला दहा मिनिटे शांत आडवे राहू द्या, नाडीचा आकडा लिहा. मग उभे करा आणि दहा मिनिटे दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. शेजारी कुणीतरी हवेच, आणि चक्कर आली तर लगेच थांबवायचे. मोठ्या माणसात नाडी ३० किंवा त्याहून अधिक वाढून तशीच राहिली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. उभे राहिले की धडधड आणि डोके हलके होणे ही लाँग कोविडमध्ये आढळणारी तक्रार आहे, तिच्यावर उपचारही आहेत, आणि रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टात ती दिसत नाही.

दुसरी खूण कळायला संत्र्याचा बगीचा बरा. तोडीच्या दिवशी बाबूजी उत्साहाने सकाळपासून बगीच्यात उभे राहतात, संध्याकाळपर्यंत ठीक असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. साधा थकवा रात्रभर झोपले की उतरतो. हा उशिरा येतो आणि श्रमाच्या मानाने फार मोठा असतो. अशा रुग्णाला "रोज थोडं जास्त चाला, अंगात ताकद येईल" हा सल्ला उलटा पडतो. त्याने ताकद वाटून वापरायची असते: अर्धे काम, मधे विश्रांती, बरे वाटणाऱ्या दिवशीही हात आखडता. सुनेच्या बाबतीत हे पाळणे घराला सर्वांत जड जाते. पोळ्याच्या दिवशी पुरणाचा घाट एकटीने उरकणारी बाई गोटमारीच्या दिवशी झोपून राहिली की "कालपर्यंत तर चांगली होती" असे म्हटले जाते. काल चांगली होती म्हणूनच आज ती झोपली आहे.

औषधांबद्दल खरे बोलायचे तर, लाँग कोविड मुळापासून बरा करते असे सिद्ध झालेले एकही औषध नाही. कोरोनावरच्या पॅक्सलोविड गोळ्या १५ दिवस देऊन स्टॅनफर्ड विद्यापीठात पाहिले, जून २०२४ मध्ये निकाल आला, फरक पडला नव्हता. युरोपातले काही रुग्ण 'रक्त धुऊन' घ्यायला जर्मनी आणि सायप्रसला गेले, बचत संपवून परतले. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यावर सविस्तर लिहिले. आपल्याकडची त्याची स्वस्त आवृत्ती म्हणजे सलाईनची बाटली आणि तिच्यात टोचलेले लाल-पिवळे इंजेक्शन. दोन दिवस तरतरी येते, कधी ती स्टिरॉइडची असते. बाटलीत काय होते हे कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर तिथे पुन्हा जाऊ नका. उपचार होतो तो लक्षणांचा: धडधड, झोप, दम, दुखणे, उदासी, प्रत्येकाचा वेगळा. बऱ्याच जणांना काही महिन्यांत उतार पडतो, काहींना वर्षे लागतात.

आता खर्च. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले, पण मोठ्या डॉक्टरसाठी पाय अजून नागपूरकडेच वळतात. आयुष्मान कार्ड महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत दवाखान्यातही चालते, हे खरे. मात्र ते भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. ओपीडीतली फी आणि बाहेरच्या तपासण्या त्यात बसत नाहीत, आणि लाँग कोविड हा जवळजवळ सगळाच ओपीडीचा आजार. म्हणून पहिली तपासणी जिल्ह्यातच, सरकारी दवाखान्यात करून घ्या. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी मोफत बोलता येते, परगावी बसलेल्या मुलांना आईसाठी ते लावून देणे सहज जमेल. त्यानंतर गरज पडली तर नागपूरचे मेडिकल किंवा मिहानमधले एम्स. एम्सच्या ओपीडीची नोंदणी ऑनलाइन होते, म्हणजे पहाटेच्या गाडीने जाऊन रांगेत उभे राहण्याने रुग्णाची दोन दिवसांची ताकद संपत नाही.

जाण्याआधी मुलांनी एक काम करावे. फाइलमधले सगळे रिपोर्ट तारखेने लावावेत आणि वर एकच पान ठेवावे. ताप कधी आला होता, घरात आणखी कुणाला, कोणती औषधे किती दिवस घेतली, आधी काय करता येत होते आणि आता काय येत नाही. "कमजोरी वाटते" असे लिहू नका. "पूर्वी विहिरीवरून दोन घागरी आणायची, आता अंगणात तुळशीला पाणी घालून बसावे लागते" असे लिहा. डॉक्टरांपाशी पाच मिनिटे असतात, आणि आई समोर गेली की "तसं ठीक आहे" म्हणून मोकळी होते.