ओला गांजा, वाळला गांजा

हळद म्हटली की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, ओली की वाळली? पाच क्विंटल ओले कंद शिजवले, उन्हात घातले, घासून काढले की हाती जेमतेम क्विंटलभर हळद उरते. मिरचीचे तेच, भुईमुगाच्या शेंगेचे तेच, वैरणीचेही तेच. काट्यावर पाणी किती आणि माल किती, हे कळल्याशिवाय खटाव-माणचा शेतकरी भाव बोलत नाही आणि व्यापारी पोत्याला हात लावत नाही. गांजा हे मात्र असे पीक आहे की त्याचे वजन होताना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तिथे वजनावर भाव ठरत नाही, माणसाची दहा वर्षे ठरतात.

मी वडूज आणि साताऱ्याच्या न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. वर्षाकाठी एकदा-दोनदा तरी सातारा-सांगलीच्या पुरवणीत ठरलेली बातमी येते. उसाच्या फडात, मक्याच्या सरीत किंवा परसात गांजाची झाडे सापडली, इतके किलो, इतक्या लाखांचा मुद्देमाल. त्या किलोंत काय काय धरले आहे, हे बातमीत नसते आणि पुष्कळदा पंचनाम्यातही नसते. गांजा लावणे हा गुन्हा आहे आणि तो तसा असावा की नसावा, हा या लेखाचा विषय नाही. झाड कापल्यानंतर त्याचे काय होते, पूर्वी ते कोण पाहत असे आणि आज ते कुठे घडते, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

झाडात काय असते

गांजाच्या झाडात नर आणि मादी वेगळी. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक ग्रंथींची लव असते आणि त्या ग्रंथींत राळ साठते. नशा त्या राळेत आहे. पानांत ती थोडी, देठात नावापुरती आणि मुळात नाहीच. मादीला नराचे पराग मिळाले की तिची ताकद बी धरण्यात जाते आणि राळ कमी होते. म्हणून पूर्वी नर झाडे ओळखून वेळीच उपटून टाकत. एकाच झाडाची म्हणून तीन नावे रूढ झाली. फुलोऱ्याचा गांजा, पानांची भांग आणि नुसत्या राळेचा चरस.

ताज्या हिरव्या फुलोऱ्यात वजनाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग, कधी त्याहूनही अधिक, पाणी असते. कापल्यावर हे पाणी जायला हवे, पण कसेही जाऊन चालत नाही. कडक उन्हात बाहेरचा भाग कुरकुरीत होतो, आत ओल राहते आणि राळ उडते, झडते. ढीग लावून तसाच ठेवला तर एक-दोन दिवसांत घामेजतो, तापतो आणि त्यावर बुरशी धरते. कांद्याची चाळ ज्याने घातली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. सावली, वारा आणि सवड या तिन्हींचा मेळ बसला तरच कापलेला माल टिकतो.

सरकारी गोदामाचे दिवस

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे सगळे सरकारच्या डोळ्यांदेखत चाले. गांजाच्या व्यसनाबद्दल ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला आणि १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याने देशभर हिंडून १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. बेताने केलेल्या सेवनाचे म्हणण्यासारखे दुष्परिणाम दिसत नाहीत, तेव्हा पूर्ण बंदी न घालता कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या निष्कर्षाची चर्चा पुष्कळ झाली आहे. माझ्या दृष्टीने त्या अहवालाचा मोलाचा भाग दुसराच आहे. कापणीनंतर मालाचे काय केले जाते, हे त्यात बारकाईने नोंदलेले आहे.

त्या काळी मुंबई इलाख्यात दख्खनच्या काही जिल्ह्यांत गांजाची लागवड होई. मध्य प्रांतात निमाड जिल्ह्यातले खांडवा हे तिचे ठाणे होते. पण सर्वांत बांधीव व्यवस्था बंगालमधल्या राजशाही भागातील नवगावची, म्हणजे आजच्या बांगलादेशातली. तिथे नर झाडे हेरून काढायला खास जाणकार माणूस बोलावत आणि त्याला पोद्दार म्हणत. कापलेली झाडे ठरलेल्या आवारात आणायची, गवतावर पसरून कोमेजू द्यायची, मग रास लावून माणसांनी पायाने तुडवायची, पुन्हा उलटायची, पुन्हा तुडवायची. तुडवल्याने राळेचे फुलोरे एकमेकांना चिकटत. त्यामुळे राळ झडत नसे आणि आतपर्यंत हवाही कमी लागे.

यातून मालाचे तीन प्रकार निघत. तुडवून चपटा केलेला, पायाखाली वळून गोल केलेला, आणि हाताळताना सुटलेला चूर. चपट्यात काड्या आणि देठ अधिक असत. गोल करताना ते पुष्कळसे काढलेले असत. चूर म्हणजे जवळजवळ निव्वळ राळेचा फुलोरा. आबकारी खात्याने या तिन्हींवर वेगवेगळ्या दराने कर लावला होता. चपट्याला सर्वांत कमी, गोलाला त्याहून अधिक, चुराला सर्वांत जास्त. शेरभर चपटा आणि शेरभर चूर हे काट्यावर सारखे भरले तरी माल म्हणून सारखे नाहीत, हे महसुलावर डोळा असलेल्या सरकारला नीट कळलेले होते. तेव्हा काडीसाठी कर भरायला व्यापारीही तयार नसे. आज त्याच काडीचे वजन आरोपीच्या नावावर बेमालूम चढते.

ठेवल्यावर काय होते

जुना गांजा उतरतो, हेही त्या गोदामांना ठाऊक होते. न विकलेला जुना माल बंगालमध्ये जाळून टाकत. त्याचे कारण रसायनशास्त्राला पुढे टप्प्याटप्प्याने उलगडत गेले.

१८९६ साली केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या रसायनज्ञांनी हिंदुस्थानी चरसातून एक पदार्थ वेगळा काढला. पुढे त्याला कॅनाबिनॉल हे नाव मिळाले आणि बरीच वर्षे नशेचे मूळ त्यातच असावे असे वाटत राहिले. खरे मूळ द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल म्हणजेच टीएचसी, शुद्ध रूपात हाती आले ते १९६४ साली, इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत. कॅनाबिनॉल ताज्या झाडात जवळजवळ नसते. हवा, उजेड आणि उष्णता यांनी टीएचसी झिजत जाते, तेव्हा ते तयार होते. म्हणजे शास्त्राला आधी सापडली ती शिळेपणाची खूण आणि ताज्याचा गुण सापडायला जवळजवळ सत्तर वर्षे गेली.

हे झिजणे किती? अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात वाळवलेला गांजा साध्या खोलीच्या तापमानाला ठेवून पाहिला गेला. एका वर्षात सुमारे १७ टक्के टीएचसी गेले, दोन वर्षांत २७, तीन वर्षांत ३५ आणि चार वर्षांत ४१ टक्के. उजेडात ठेवले तर घट आणखी वेगाने होते. आपल्याकडे खटला चार वर्षे चालणे ही काही नवलाची गोष्ट नाही. निकालाच्या दिवशी न्यायालयासमोर असलेला माल तेव्हा पकडलेल्या मालासारखा राहिलेला नसतो. तो वजनाने घटलेला असतो आणि गुणानेही उतरलेला असतो.

कायद्याचा काटा

१४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू असलेल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या आहे. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पाने त्यातून वगळलेली आहेत. ही शब्दरचना १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आणि भांगेला कायद्याबाहेर जागा मिळाली ती तिच्यामुळे. व्याख्येत देठ नाही, मूळ नाही, मुळाची माती तर नाहीच. ओला आणि वाळला हे शब्दही तिच्यात कुठे नाहीत.

२००१ साली शिक्षा वजनाला बांधली गेली. जवळ बाळगलेला गांजा एक किलोहून कमी असेल तर ते अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोंहून अधिक असेल तर व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान दहा वर्षे आणि कमाल वीस, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. नुसत्या लागवडीसाठी वेगळे कलम आहे. त्यात वजन पाहिले जात नाही आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. पण झाडे उपटून काट्यावर ठेवली की बाळगल्याचे कलमही बहुधा सोबत येते. व्यापारी प्रमाण लागले की जामीन जवळजवळ बंद होतो.

एक कल्पित हिशेब मांडून पाहू. उसातून उपटलेली झाडे मुळांसकट भरली २६ किलो. हे झाले व्यापारी प्रमाण. त्यातून मुळे, माती आणि जाड दांडे काढले तर शेंडे आणि त्यांना लागलेली पाने मिळून उरली १४ किलो. हे मधले प्रमाण, इथे किमान शिक्षेची सक्ती नाही. हीच १४ किलो सावलीत वाळली तर उरतील तीन-साडेतीन किलो. झाडे तीच आणि माणूसही तोच, पण काट्यावर काय ठेवले त्याप्रमाणे कलम बदलले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घ्यायला हवा. अमली पदार्थात दुसरे काही मिसळले असेल तर सबंध मिश्रणाचे वजन धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. मग दांड्याचे वजन का धरू नये? माझे उत्तर असे, की दांडा कोणी मिसळलेला नसतो. तो झाडाचाच दुसरा अवयव आहे आणि कायद्याने व्याख्येत एकच अवयव निवडला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर हाच धागा धरला. पकडलेला माल नुसता हिरवट पाला असेल आणि सोबत शेंडे असल्याचे दिसत नसेल, तर तो गांजा म्हणता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता.

प्रयोगशाळेचा अहवाल हा प्रश्न सोडवील असे वाटते, पण तो नेहमी सोडवत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली या झाडाची वाकड्या नखासारखी लव ओळखता येते आणि रसायनाचा रंगही येतो. पण ही लव पानावरही असते, रंग पानाचाही येतो. झाड कोणते, हे त्यातून कळते. काट्यावर झाडाचा कोणता भाग होता, हे फक्त जागेवरचा पंचनामाच सांगू शकतो.

मुद्देमालाची खोली

गांजा वाळवण्या-ठेवण्याचे काम आज कायदेशीररीत्या घडते ते पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात. तिथे पोद्दार नाही, गवताचे आवार नाही. ओली झाडे पोत्यात कोंबली जातात किंवा प्लास्टिकमध्ये बंद होतात, लाखेचे सील लागते आणि आत माल घामेजतो, कुजतो. काही महिन्यांनी २६ किलोचे पोते सहा-सात किलो भरते. मग बचावाचा वकील उठतो आणि विचारतो, उरलेला माल कुठे गेला? मीही हा प्रश्न विचारला आहे आणि तो विचारणे माझे कामच आहे. खरे उत्तर बहुतेक वेळा साधे असते, पाणी गेले. पण माल ओला होता असे पहिल्या दिवशी कुठे लिहिलेच नसेल, तर ते उत्तर द्यायचे कशाच्या आधारावर? म्हणजे ती एक ओळ न लिहिल्याने कधी निरपराध मजुराचा जामीन अडतो, तर कधी खरा गुन्हेगार सुटतो.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०१६ रोजी देशभरच्या मालखान्यांत साचलेल्या अमली पदार्थांची गंभीर दखल घेतली आणि जप्तीनंतर लवकरात लवकर दंडाधिकाऱ्यांसमोर यादी, छायाचित्रे आणि नमुने घ्यावेत असे बजावले. डिसेंबर २०२२ पासून जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांचे स्वतंत्र नियमही लागू झाले. गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा आणि तो दोन प्रतींत, असे त्यात ठरवून दिले आहे. हे नियम नीट पाळले तर पोत्यात कुजण्याची वेळ बरीच टळेल. पण दंडाधिकाऱ्यांसमोर जे येते ते शेतातल्या पहिल्या वजनानंतर येते, आणि ते पहिले वजन पंचांच्या सहीने होते.

पंच म्हणून बोलावणे कोणालाही येऊ शकते. शिक्षक, दुकानदार, शेजारच्या रानातला शेतकरी, तसेच हा अंक हातात धरलेला वाचकही. अशा वेळी कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहिल्या आहेत का, एवढे पाहावे. झाडाचा कोणता भाग तोलला, मुळे, माती आणि दांडे वेगळे करून त्यांचे वजन निराळे लिहिले का, आणि माल ओला होता की वाळला. हे विचारायला कायद्याची पदवी लागत नाही. हळदीच्या सौद्यात उभे राहिलेला कोणीही माणूस हे विचारतो.