सोळा वर्षांची वाट, सव्वादोन तासांचा हिरमोड

१९९८ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत एक विचित्र प्रकार घडू लागला. ब्रॅड पिटचा ‘मीट जो ब्लॅक’ हा तब्बल तीन तासांचा चित्रपट नुकताच लागला होता. लोक त्याचे पूर्ण पैशांचे तिकीट काढत, आत जाऊन बसत आणि मुख्य चित्रपट सुरू व्हायच्या आतच उठून घरची वाट धरत. बिचाऱ्या ब्रॅड पिटवर त्यांचा काही राग नव्हता. ते आले होते दोन-सव्वादोन मिनिटांसाठी. मुख्य चित्रपटाआधी पुढच्या वर्षी येणाऱ्या एका चित्रपटाची झलक दाखवली जात होती, आणि ती मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी तिकिटाचे पैसे मोजायला ही मंडळी आनंदाने तयार होती. तो चित्रपट म्हणजे जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स : एपिसोड वन – द फँटम मेनेस’.

ज्या चित्रपटाच्या नुसत्या झलकेसाठी लोकांनी एवढे केले, त्याच चित्रपटाच्या नावाने पुढे वर्षानुवर्षे बोटे मोडली गेली. आज त्या गोष्टीला पंचवीसहून अधिक वर्षे लोटली आहेत. पण चाहता म्हणजे काय चीज असते, तो कशावर प्रेम करतो आणि प्रेमभंग झाला की कुणावर हात उगारतो, हे समजून घ्यायचे तर याइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही.

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. २५ मे १९७७ रोजी पहिला ‘स्टार वॉर्स’ अमेरिकेत जेमतेम ३२ चित्रपटगृहांत लागला. वाळवंटी ग्रहावरचा ल्यूक स्कायवॉकर नावाचा एक शेतकऱ्याघरचा पोरगा, एक वृद्ध गुरू, कैदेतली राजकन्या, काळ्या मुखवट्याआड घरघरत श्वास घेणारा डार्थ व्हेडर हा खलपुरुष, प्रकाशाच्या तलवारी आणि चराचर व्यापून राहिलेली ‘फोर्स’ नावाची एक शक्ती. म्हटले तर आजीने सांगावी तशी गोष्ट. फक्त ती अंतराळात घडत होती. बघता बघता साऱ्या देशाला तिने वेड लावले. १९८० साली दुसरा भाग आला आणि तो खलपुरुष हाच नायकाचा बाप आहे, हे कळल्यावर चित्रपटगृहे स्तब्ध झाली. १९८३ साली तिसऱ्या भागाने गोष्ट संपवली.

संपवली खरी, पण लोकांच्या मनात ती संपली नाही. व्हेडर हा एके काळी अनाकिन नावाचा सज्जन योद्धा होता, एवढेच चित्रपटांत कळले होते. सज्जनाचा दुर्जन कसा झाला? या प्रश्नाचे उत्तर लुकास देणार आहेत, हे समजल्यावर सोळा वर्षांची भूक उफाळून आली. १९९९ च्या एप्रिलमध्ये हॉलिवूडच्या सुप्रसिद्ध चायनीज थिएटरसमोर लोकांनी चक्क मुक्काम ठोकला. चित्रपट लागायला अजून सहा आठवडे होते. पाळ्या लावून, फुटपाथवर झोपून त्यांनी आपले नंबर राखले आणि त्या निमित्ताने मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधीही गोळा करून दिला.

प्रकाश पडला, पण...

१९ मे १९९९ रोजी चित्रपट झळकला. पहिल्याच दिवशी अमेरिकेत २ कोटी ८५ लाख डॉलरचा गल्ला जमला. त्या पहिल्या फेरीत जगभरातून ९२ कोटी डॉलरहून अधिक कमाई झाली. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मते टिपणाऱ्या ‘सिनेमास्कोअर’ने त्याला ‘ए वजा’ अशी चांगली श्रेणी दिली. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या नावाजलेल्या समीक्षकाने चारपैकी साडेतीन तारे दिले. म्हणजे सर्वांनाच तो नावडला, असे मुळीच नाही. रथांच्या शर्यतीसारखी ती पॉड-शर्यत, शेवटचे तिहेरी तलवारयुद्ध आणि त्यामागचे जॉन विल्यम्स यांचे संगीत यांवर तर टीकाकारांनीही बोट ठेवले नाही.

पण जे सर्वांत आधी रांगेत उभे होते, त्यांच्यातल्याच अनेकांचे चेहरे पडले. काहींनी दुसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला. आपलेच काहीतरी चुकत असेल, अशी मनाची समजूत घालून पाहिली. मग हळूहळू तक्रारी बाहेर पडू लागल्या.

पहिली तक्रार कथेची. ज्या गाथेत साम्राज्ये उलथत होती, ती आता व्यापारी मार्गांवरच्या करांच्या तंट्यापासून सुरू होत होती. जकातीच्या भांडणासाठी कोण सोळा वर्षे थांबतो? दुसरी तक्रार अधिक खोल होती. जुन्या चित्रपटांत ती ‘शक्ती’ साधनेची, श्रद्धेची गोष्ट होती. कुणीही सामान्य पोर तिच्यापर्यंत पोहोचू शकेल, असे वाटे. नव्या चित्रपटात कळले की, रक्तात ‘मिडीक्लोरियन’ नावाचे सूक्ष्मजीव किती आहेत, ते मोजून माणसाची योग्यता ठरवता येते. गुरुमंत्राची अपेक्षा करणाऱ्याच्या हाती पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट यावा, तसे झाले. तिसरी तक्रार नऊ वर्षांच्या अनाकिनची. भावी राक्षसाची चाहूल लागेल म्हणून आलेल्यांना एक गोबऱ्या गालांचा, ‘यिप्पी’ म्हणत आनंदाने ओरडणारा मुलगा भेटला. आणि चौथी, सर्वांत मोठी तक्रार होती जार जार बिंक्सची. लांब कानांचा, धडपडणारा, बोबड्या बोलीत बडबडणारा हा प्राणी मुलांना हसवण्यासाठी योजलेला होता. मोठ्यांना तो असह्य झाला. त्याच्या बोलण्या-चालण्यात कृष्णवर्णीयांची जुनी टिंगल डोकावते, असा गंभीर आक्षेपही काही समीक्षकांनी घेतला.

एका व्यावसायिक संकलकाने तर कमालच केली. त्याने घरी बसून चित्रपटाला कात्री लावली, जार जारचे चाळे छाटले आणि वीसएक मिनिटांनी आखूड झालेली आपली आवृत्ती तयार केली. २००१ साली ती व्हिडिओ कॅसेटवरून हातोहात फिरली. लुकास यांना चित्रपट काढता येत नसेल, तर आम्ही दुरुस्त करून देतो, असाच त्याचा अर्थ.

चित्रपट कुणाचा?

या रागाच्या मुळाशी एक साधे गणित आहे. १९७७ साली जो दहा वर्षांचा होता, तो १९९९ साली बत्तीस वर्षांचा झाला होता. त्याला नोकरी होती, घराचे हप्ते होते, कदाचित पोरेबाळे होती. तो तिकीट काढून पुन्हा दहा वर्षांचा व्हायला निघाला होता. पडद्यावर प्रकाश पडला आणि त्याच्या लक्षात आले की आपण बत्तीसचेच आहोत. हे चित्रपट प्रामुख्याने बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत, असे लुकास यांनी अनेकदा सांगितले आहे. वय वाढले होते ते प्रेक्षकाचे. पण स्वतःच्या वयावर रागावता येत नाही. दिग्दर्शकावर रागावता येते.

अर्थात चाहत्यांचे सगळेच म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. १९९७ साली लुकास यांनी आपले जुने तीन चित्रपट नव्या तंत्राने नटवून पुन्हा प्रदर्शित केले. त्यात हान सोलो या बेरकी तस्कराच्या एका प्रसंगात फेरफार केला. मूळ चित्रपटात तो समोरच्या गुंडाला सरळ गोळी घालून मोकळा होतो. नव्या आवृत्तीत आधी गोळी गुंड झाडतो. लहानसाच बदल, पण त्याने पात्राचा स्वभावच बदलला, असे चाहत्यांना वाटले आणि ते बरोबरच होते. गंमत अशी, की याच लुकास यांनी १९८८ साली अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना जुन्या चित्रपटांत मागाहून ढवळाढवळ करण्याला कडाडून विरोध केला होता. कलाकृती हा समाजाचा ठेवा आहे, असे प्रतिपादन केले होते. मग तोच न्याय त्यांच्या चित्रपटांना का नको? ज्याने गोष्ट रचली तिचा मालक तो, की ज्यांनी ती उराशी जपली ते? या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देणारा माणूस एक तर निर्माता असेल, नाही तर वकील.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज जो भाग सर्वश्रेष्ठ मानला जातो, तो १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ही पहिल्या दिवशी सर्वांनी डोक्यावर घेतला नव्हता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाला तो फारसा रुचला नाही, आणि गोष्ट अर्धवट सोडली म्हणून प्रेक्षकही कुरकुरले होते. पहिल्या आठवड्याचा निकाल हा शेवटचा निकाल नसतो.

मुखवट्यामागचा माणूस

इथवर सारे ठीक होते. चित्रपट आवडला नाही असे म्हणणे हा तिकीट काढणाऱ्याचा हक्कच आहे. पण राग चित्रपटापाशी थांबला नाही.

जार जार पडद्यावर संगणकाने रंगवला होता, तरी त्याच्या हालचाली आणि आवाज एका जिवंत माणसाचे होते. अहमद बेस्ट हे त्याचे नाव. ‘स्टॉम्प’ या तालवाद्यांच्या गाजलेल्या रंगमंचीय कार्यक्रमातला हा तरुण कलावंत. स्वतःच्या अंगाच्या हालचालींवरून संगणकाने एक प्रमुख पात्र उभे करण्याचे काम तेव्हा जवळजवळ कुणीच केलेले नव्हते. पुढे ज्या तंत्राने अनेक चित्रपट गाजले, त्याची वाट त्याने पाडली. बदल्यात त्याला काय मिळाले? वर्षातला सर्वांत वाईट सहायक अभिनेता म्हणून ‘रॅझी’चा टिंगलीचा पुरस्कार, शिव्याशाप, आणि पुढच्या भागात कापलेली भूमिका. २०१८ साली त्याने आपल्या लहान मुलासह काढलेले छायाचित्र प्रसिद्ध केले आणि सांगितले, की वीस वर्षांपूर्वी याच जागी उभे राहून आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो. ती जागा ब्रुकलिनच्या पुलावरची होती.

छोट्या अनाकिनचे काम करणारा जेक लॉईड प्रदर्शनाच्या वेळी दहा वर्षांचा होता. शाळेतली मुले आपल्याला पाहिले की तलवारीचा आवाज काढून चिडवत, असे त्याने २०१२ साली सांगितले. २००१ नंतर त्याने अभिनय सोडला. त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या दुखण्याचे खापर या टीकेवर फोडू नये, असे त्याच्या आईनेच म्हटले आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. तरीही दहा वर्षांच्या मुलाच्या अभिनयाची जगभर खिल्ली उडवताना थोरांना काही वाटले नाही, हे खरेच.

सायमन पेग हा इंग्रज विनोदी अभिनेता तेव्हा जार जारच्या कट्टर विरोधकांत होता. आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतही त्याने या चित्रपटाची यथेच्छ टर उडवली होती. बेस्टची हकिगत कळल्यावर त्याने जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्या मुखवट्याआड माणूस आहे, हे आपल्या लक्षातच आले नव्हते, असा त्याचा सूर होता.

मग काळाने आपले काम केले. १९९९ साली जी मुले आठ-दहा वर्षांची होती, ती मोठी झाली. त्यांच्यासाठी हाच पहिला ‘स्टार वॉर्स’ होता. करांचा तंटा त्यांना कळला नव्हता, पण पॉड-शर्यत पाहून त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या पळवल्या होत्या. जार जारला पाहून ती मनापासून हसली होती. २०१९ साली शिकागोच्या चाहता-मेळाव्यात या चित्रपटाची विशी साजरी झाली, तेव्हा अहमद बेस्ट व्यासपीठावर येताच सभागृह उठून उभे राहिले. २०२३ साली ‘द मँडलोरियन’ या मालिकेत तो उघड्या चेहऱ्याने, एका लहानग्याचे प्राण वाचवणाऱ्या जेडाय योद्ध्याच्या भूमिकेत परतला आणि त्याचे मनापासून स्वागत झाले. मे २०२४ मध्ये पंचविशीनिमित्त चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा अमेरिकेच्या तिकीटबारीवर त्या आठवड्यात तो दुसऱ्या क्रमांकावर होता.

शहाणपण आले म्हणावे, तर तसेही नाही. २०१२ साली लुकास यांनी आपली कंपनी डिस्नेला चार अब्ज डॉलरला विकली. नव्या मालकांचा ‘द लास्ट जेडाय’ २०१७ साली आला. समीक्षक खूष झाले, पण चाहत्यांत उभी फूट पडली. म्हातारा, हताश ल्यूक अनेकांना पाहवला नाही. खुद्द ती भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिलनेही आपली नापसंती बोलून दाखवली होती. मतभेद तसा खराखुरा होता. पण त्याचा मारा बसला तो केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीवर. तिच्या दिसण्यावरून आणि वंशावरून इतके काही बोलले गेले, की २०१८ साली तिने इन्स्टाग्रामवरची आपली सारी छायाचित्रे काढून टाकली. माणसे नवी, चित्रपट नवा, दगड मात्र तोच.

आवडत्या गोष्टीने निराश केले की दुःख होतेच, आणि ते बोलून दाखवण्यातही वावगे काही नाही. निराश होतो तोच, ज्याने जीव लावलेला असतो. फक्त जे हरवले ते पडद्यावरच्या नटाने चोरलेले नाही, एवढे ध्यानात ठेवावे. ते आपल्या दहाव्या वर्षाबरोबरच गेले आहे, आणि कुठलाही दिग्दर्शक ते परत आणून देऊ शकत नाही. अशा वेळी चित्रपटगृहात शेजारच्या खुर्चीकडे एकदा पाहावे. तिथे कदाचित आपलीच मुलगी किंवा नातू बसलेला असेल, पुढे झुकून, पॉपकॉर्न हातातच ठेवून. त्याचा पहिला ‘स्टार वॉर्स’ सुरू आहे. निदान घरी पोहोचेपर्यंत तरी आपले मत आपल्यापाशी ठेवायला काय हरकत आहे?