खाणींच्या टाकाऊ मातीवरील वनस्पति-पुनःस्थापन

खाणकामात खनिजाबरोबर निघालेल्या निरुपयोगी माती-दगडांच्या ढिगाऱ्यांवर वनस्पतींचे आच्छादन पुन्हा निर्माण करण्याची क्रिया. ढीग हिरवा दिसू लागणे हा तिचा पहिला टप्पा होय. मृदा तयार होऊन झाडे देखरेखीवाचून टिकू व नव्याने रुजू लागली, म्हणजेच ती साधली असे म्हणता येते.

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. डिचोली, सत्तरी, सांगे इ. तालुक्यांतील या उघड्या खाणींत एक टन खनिजामागे साधारणपणे दोन ते तीन टन माती, जांभा इ. बाजूला टाकावे लागले व तीव्र उताराचे उंच ढीग बनले. वर्षाचा सु. ३,००० मिमी. पाऊस बहुतेक चार महिन्यांतच पडत असल्यामुळे बारीक माती ओहोळांतून भातशेतीत व पुढे मांडवी, झुआरी या नद्यांत उतरते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले. ढिगाऱ्यांची धूप मात्र चालूच राहिली.

ही माती सहसा विषारी नसते, निकस असते. तीत जैव द्रव्य व नायट्रोजन अत्यल्प असून फॉस्फरस लोहसंयुगांशी बद्ध असतो. लागवडीआधी उताराला पायऱ्या देणे व पायथ्याशी दगडी बांध घालणे अवश्य असते. एरवी रोपे पहिल्याच पावसाळ्यात मातीसकट वाहून जातात. नंतर वाळ्यासारखी खोल मुळांची गवते व शिंबावंत वनस्पती लावतात. खाण सुरू करतानाच वरची सुपीक माती वेगळी ठेवून लवकर पसरल्यास तीतील बीजे व उपयुक्त कवके आयती मिळतात. ती वर्षानुवर्षे साठून राहिल्यास हा लाभ बराचसा नाहीसा होतो.

गोव्यात ऑस्ट्रेलियन बाभळीची (अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस) लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. ती झपाट्याने वाढते, मुळांवरील गाठींतील जीवाणूंद्वारे नायट्रोजन मिळविते आणि गुरे ती सहसा खात नाहीत. तथापि तिचा चिवट पालापाचोळा सावकाश कुजतो व दाट सावलीत स्थानिक रोपे फारशी उगवत नाहीत. धूप रोखण्यास ती उपयुक्त असली, तरी तिच्या एकसुरी लागवडीला वन म्हणणे योग्य नाही. विरळणी करून किंदळ, माट्टी (ऐन), करंज, जांभूळ यांसारखे वृक्ष मध्ये लावणे इष्ट ठरते.

तांबे, शिसे, जस्त यांच्या गंधकयुक्त खनिजांच्या कचऱ्याला एवढे उपाय पुरत नाहीत. त्यातील पायराइटापासून हवा व पाणी यांच्या सान्निध्यात सल्फ्यूरिक अम्ल बनते. ते चुन्याने उदासीन करावे लागते. ब्रिटनमध्ये ए. डी. ब्रॅडशॉ (१९२६–२००८) व त्यांचे सहकारी यांनी जुन्या खाणींवर आपोआप टिकलेल्या गवतांतून धातुसहिष्णू प्रकार निवडले. अशा गवतांत धातू साठू शकत असल्यामुळे त्यांवर गुरे चरू देण्यापूर्वी त्यांचे रासायनिक परीक्षण आवश्यक असते.