माजावर आलेली घरची कुत्री

वऱ्हाडांतील शेतकरी-कुटुंबांत गाय माजावर आली कीं ती गोष्ट लहानथोर सर्वांस कळते, आणि तींत कोणास संकोच वाटत नाहीं. अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांत मात्र, जेथें गोठा जाऊन अंगणांत कुत्री आली, तेथें याच निसर्गधर्माविषयीं कोणी तोंड उघडीत नाहीं. या मौनाचें फळ दोन महिन्यांनीं पांच-सहा पिल्लांच्या रूपानें दृष्टीस पडतें, आणि मग तीं पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडण्याचें कर्म घरच्या गड्याच्या माथीं येतें. सरमेच्या पिल्लास जनमेजयाच्या भावांनीं निष्कारण मारलें म्हणून त्या राजास तिचा शाप भोंवला, ही आदिपर्वांतील कथा ज्या घरांत वाचली जाते, त्या घरांस हें शोभत नाहीं.

गाईवरून कुत्रीचें अनुमान करूं नये. गाईचा माज सुमारें २१ दिवसांनीं येतो व बहुधा एका दिवसाच्या आंत ओसरतो. कुत्रीचा माज सामान्यतः वर्षांतून दोनदां येतो आणि सुमारें तीन आठवडे चालतो. पहिला माज बहुधा सहा ते बारा महिन्यांच्या वयांत येतो. थोराड जातींत तो दीड-दोन वर्षांपर्यंतही लांबतो. भाद्रपद हाच कुत्र्यांचा महिना, हा लोकसमज रस्त्यावरील कुत्र्यांवरून झालेला आहे. घरांत पोसलेली कुत्री चैत्रांतही माजावर येऊं शकते.

आतां लक्षणें पाहूं. आरंभीं बाह्य जननेंद्रियास सूज येते, कुत्री तो भाग वारंवार चाटते, अधिक वेळां लघवी करते, आणि फरशीवर रक्ताचे थेंब दिसूं लागतात. कित्येक कुत्र्या स्वतःस इतक्या स्वच्छ ठेवतात कीं थेंब दिसतही नाहींत. म्हणून सुजेकडे लक्ष असावें. दाराशीं नर घोटाळूं लागतात, पण ती त्यांच्यावर गुरगुरते. ही अवस्था सरासरीनें नऊ दिवस टिकते. पुढें स्राव फिका, गव्हाच्या काडासारखा पिवळसर होतो. घरचीं माणसें ‘सुटलों एकदांचे’ म्हणून साखळी सोडतात, आणि अनर्थाचें मूळ नेमकें येथेंच आहे. रक्त ओसरलें म्हणजे माज संपला असें नव्हे. गर्भधारणेचा खरा काळ तेव्हांच सुरू होतो. आतां ती शेपूट बाजूस करून उभी राहते व नरास जवळ येऊं देते. हीही अवस्था सरासरीनें नऊ दिवसांची. परंतु प्रत्येक कुत्रीचें मान निराळें. म्हणून पहिला थेंब दिसला ती तारीख दिनदर्शिकेवर लिहावी, आणि तेथून पुरते चार आठवडे तिला मोकळी सोडूं नये.

कांहीं वडील मंडळी या रक्ताची स्त्रियांच्या ऋतूशीं सांगड घालतात आणि विटाळ म्हणून कुत्रीस परसांत बांधतात. वस्तुतः दोहोंचा अर्थ परस्परविरुद्ध आहे. स्त्रीचा ऋतुस्राव गर्भ राहिला नाहीं हें सांगतो. कुत्रीचा स्राव गर्भकाळ जवळ आल्याची सूचना देतो. ज्या दिवसांत तिला घरांत घ्यावयाचें, त्याच दिवसांत ती परसांत गेली, तर दुसरें काय व्हावें? कुंपणाची भिंत नरांस अडवीत नाहीं.

तिला घरांतील एका खोलीत, जुन्या धुतलेल्या चादरीवर ठेवावें, आणि बाहेर नेणें तें साखळीनें व मोठ्या माणसानेंच. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां टिनाच्या खोपटांत कोंडणें म्हणजे तिला मारणेंच होय. घरांत तिचा भाऊ वा मुलगा असल्यास त्यासही वेगळें ठेवावें. तीं जनावरें गोत्र पाहत नाहींत. दाराशीं जमलेले नर आपसांत भांडतात, तेव्हां मुलांना दूर ठेवावें. चावा झाल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुऊन तत्काळ दवाखाना गांठावा. संयोग घडलाच, तर त्या जोडीस काठीनें वा ओढून विलग करूं नये. दोघांसही इजा होते. नंतर लवकरच पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

माज संपल्यावरही पुढील दोन महिने सावध असावें. कुत्री फार पाणी पिऊं लागली, अन्न टाकलें, ओकारी झाली किंवा पुवाळलेला स्राव दिसला, तर गर्भाशयांत पू झाल्याची शंका घ्यावी व त्याच दिवशीं उपचार करावा. विलंब प्राणघातक ठरतो. माज थांबविणारीं इंजेक्शनें हा धोका वाढवितात.

पिल्लें नको असतील, तर शस्त्रक्रिया हाच कायमचा उपाय. ती बहुधा माजानंतर दोन-तीन महिन्यांनीं करितात. अकोल्यास महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था आहे. अमरावतीसही सरकारी पशुचिकित्सालय आहे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनीं पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावरच टाकली आहे.

ज्या मुक्या जीवानें आपलें दार राखलें, त्याच्या देहधर्माविषयीं घरांत चार शब्द स्पष्ट बोलणें, यांत लाज कसली?